सहल गावाजवळची : विचार, नियोजन आणि एक नमुना-पाठ

दिवाळीची सुटी संपून शाळा भरू लागल्या की सहलींच्या परवानगीचे अर्ज येऊ लागतात. अर्जांतील स्थळे बहुधा ठरलेली असतात. रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर, कोल्हापूर, पुणे ही जुनी नावे. त्यांत अलीकडे जलक्रीडेच्या उद्यानांची भर पडली आहे. पहाटे चार वाजता निघावे, दिवसभर धावपळीने पाच-सहा ठिकाणे ‘करावी’, आणि मध्यरात्री झोपेने पेंगुळलेल्या मुलांना पालकांच्या स्वाधीन करावे, असा एकंदर क्रम असतो. मुलांनी काय पाहिले याचा शोध दुसऱ्या दिवशी वर्गात घेतला, तर गाडी कोणास लागली, घाटात किती वळणे होती आणि कोणत्या दुकानात काय विकत घेतले, एवढेच बहुतेकांच्या वह्यांत उतरते. यात मुलांचा दोष नाही. बारा तासांच्या प्रवासात लहान मुलाचे मन जेवढे टिपू शकते, तेवढेच ते टिपते.

सहलीचे स्थळ निवडताना आता आणखी एका गोष्टीचा विचार करणे प्राप्त झाले आहे. पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे, त्यास कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत साठणारा कार्बन डायऑक्साइड वायू मुख्यतः कारण आहे, आणि प्रवास व पर्यटन यांचा त्यात लहान नसलेला वाटा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगातील उष्णताधारक वायूंपैकी सुमारे ८ टक्के वायू पर्यटनाच्या खाती पडतात, असा हिशेब मांडला गेला. त्यात केवळ विमाने व मोटारी नव्हेत, तर पर्यटकांसाठी होणारे अन्न, खरेदी आणि निवास हेही धरलेले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षकांना हा विषय परका नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील घरांची छपरे, शाळांचे पत्रे आणि नारळी-पोफळीच्या बागा पाडल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, त्या वेळी कितीतरी शाळांची दप्तरे चिखलात गेली. एका वादळाचा किंवा एका पुराचा सारा दोष तापमानवाढीवर टाकणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, आणि अरबी समुद्राचे पाणी तापत असल्यामुळे वादळांना अधिक बळ मिळते, हे भौतिकशास्त्र वरच्या वर्गातील मुलांस समजण्याजोगे आहे. अवेळी पावसाने आंब्याचा मोहोर काळा पडलेला त्यांनी घरीच पाहिलेला असतो.

आता सहलीचा हिशेब करून पाहू. तो फळ्यावर मुलांकडूनच करवून घ्यावा. अपूर्णांक व सरासरी यांचा चांगला सराव होतो. जाऊन-येऊन ६०० किलोमीटरची सहल धरावी. एस.टी.ची गाडी एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ४ किलोमीटर जाते असे मानले, तर १५० लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ४०५ किलोग्रॅम. गाडीत ४५ जण असतील, तर माणशी ९ किलोग्रॅम. हेच ४५ जण पाच-पाचांच्या ९ मोटारींतून गेले आणि प्रत्येक मोटार लिटरला १५ किलोमीटर चालली, तर ३६० लिटर पेट्रोल लागेल, लिटरमागे २.३ किलोग्रॅम धरता ८२८ किलोग्रॅम, म्हणजे दुपटीहून अधिक. आणि २० किलोमीटरांवरच्या गावी एस.टी.ने जाऊन आल्यास एकूण २७ किलोग्रॅम, माणशी ६०० ग्रॅम. पायी गेल्यास शून्य.

हा हिशेब प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. भारतात सरासरी माणसामागे वर्षाकाठी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे दिवसाला साडेपाच किलोग्रॅम. तेव्हा दूरच्या सहलीचे ९ किलोग्रॅम हे दोन दिवसांच्या खर्चाइतकेही नाहीत. खेड्यातील मुलांची वर्षातून एकदा निघणारी एस.टी.ची सहल पृथ्वी तापवते, असे म्हणून मुलांच्या मनात अपराधाची भावना निर्माण करणे हा अन्याय होईल. जगाचा भार ज्यांनी वाढविला ते निराळे लोक आहेत. आठवड्याच्या सुटीसाठी विमानाने उडणारे आणि एकेका माणसामागे एकेक मोटार बाळगणारे. मग जवळच्या सहलीचा आग्रह कशासाठी? तो सवयीसाठी. ‘दूर गेले तरच पाहण्यासारखे काही असते’ ही समजूत शाळेच्या सहलीतूनच रुजते, आणि आज एस.टी.त बसलेले मूल उद्या कमावते झाले की तीच समजूत घेऊन विमानतळावर उभे राहते.

दुसरे कारण आर्थिक आहे आणि ते शिक्षकांस अधिक जवळचे वाटेल. दूरच्या सहलीच्या यादीत वर्गातील सगळी नावे क्वचितच असतात. वर्गणी भरता आली नाही म्हणून चार-सहा मुले मागे राहतात; त्यांची नावे कोणती असणार, हे शिक्षकाला यादी करण्यापूर्वीच ठाऊक असते. ‘पोटात दुखते’, ‘घरी पाहुणे येणार आहेत’ अशी कारणे ती मुले सांगतात. सहलीनंतरच्या निबंधाच्या तासाला ह्या मुलांनी काय लिहावे? जी सहल सर्वांना परवडत नाही, तिला शाळेची सहल म्हणावे की काय, याचा विचार झाला पाहिजे. जवळच्या सहलीत कोणी मागे राहण्याचे कारण उरत नाही.

‘गुरुजी, सडा तर पोरं रोज बघतात. गुरं घेऊन तिकडंच तर जातात. त्याला सहल कसली म्हणायची?’ असा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. त्यावर रागावू नये. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शिक्षकाच्या तयारीवर अवलंबून आहे. रोज दिसणारी गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांत फरक असतो. ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या डोंगरावर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांकडे शाळाच नेली. तिला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. ती मुले रोज त्याच कुरणात होती. फरक पडला तो शिक्षक तेथे गेल्यामुळे.

सड्याचेच उदाहरण घेऊन पाठ कसा घ्यावा ते येथे थोडे विस्ताराने मांडले आहे. रत्नागिरी, लांजा, राजापूर ह्या तालुक्यांतील बहुतेक गावांस जांभ्या दगडाचा सडा लागून आहे. उन्हाळ्यात तो काळा, तापलेला आणि ओसाड दिसतो, म्हणून सरकारी कागदांत व लोकांच्या बोलण्यातही त्याला ‘पडीक’ म्हणण्याची रीत पडली आहे. पाठ श्रावण-भाद्रपदात, पावसाची उघडीप पाहून ठेवावा. पहिल्या भेटीत काहीही सांगू नये. चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटाला दोरीने हातभर लांबी-रुंदीचा एक चौकोन आखून द्यावा आणि त्यात किती प्रकारच्या वनस्पती आहेत ते मोजावयास सांगावे. नावे ठाऊक नसली तरी चालते. पानाचा आकार, फुलाचा रंग, उंची एवढे टिपले की पुरे. रोज गुरे चारणाऱ्या मुलासही एका हातभर जागेत दहा-बारा प्रकार पाहून आश्चर्य वाटते. तेरडा आणि गेंद बहुतेकांना ओळखू येतात. निळसर-जांभळ्या फुलांची सीतेची आसवे सापडली, तर तेथे थांबावे. हे इवलेसे झाड कीटकभक्षी आहे. त्याच्या जमिनीतील बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. दवबिंदू नावाच्या दुसऱ्या झाडाच्या पानांवर चिकट थेंब असतात व त्यांना कीटक चिकटतात. झाडाने किडे खाण्याची पाळी का यावी, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तराची घाई करू नये. जांभ्यावरील मातीचा थर अगदी पातळ आणि नत्राच्या दृष्टीने निकस असतो, हे उत्तर बोटाने माती उकरून पाहिल्यावर मुलांनाच सुचते.

त्यानंतर पाण्याकडे वळावे. सड्यावर पडलेले पाणी कोठे जाते? जांभा सच्छिद्र असतो. पाणी मुरते आणि सड्याच्या कडेला, उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. गावचा पऱ्या तेथूनच निघतो आणि वाडीच्या विहिरीला पाणी त्यामुळेच टिकते. मुलांनी पऱ्याच्या काठाने उगमापर्यंत चालत जावे. ज्या सड्याला पडीक म्हणतात, तोच गावाची पाण्याची टाकी आहे, हे चालून कळले म्हणजे सांगावे लागत नाही. सड्यावर चिरेखाण असल्यास तिच्या कडेला, सुरक्षित अंतरावरून, जांभ्याचे थर दाखवावे. खाणीमुळे गावातील चार घरांना रोजगार मिळतो, हेही लपवू नये. वाद वर्गात होऊ द्यावा.

ह्याच सड्यांवर आपल्या जिल्ह्याचे जगाला नवलाचे वाटणारे वैभव आहे, ते म्हणजे कातळशिल्पे. खडकाच्या आडव्या पृष्ठावर खोदलेली ही चित्रे हजारो वर्षांपूर्वीची आहेत. नेमक्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. २०२२ साली कोकणातील नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात आपल्या जिल्ह्यातील आहेत. कुडोपी सिंधुदुर्गात आणि फणसमाळ गोव्यात. कशेळीच्या सड्यावरील हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या शरीराच्या रेषेच्या आत इतर अनेक प्राण्यांची लहान चित्रे आहेत. कोकणात आज न आढळणारा एकशिंगी गेंडाही ह्या चित्रांत आढळतो. येथे कोणते जंगल, कोणते गवत, कोणते हवामान असेल की जेथे गेंडा हिंडत होता? हवामान बदलते हे सांगण्यास याहून बोलका पुरावा शिक्षकाला कोठे मिळणार! मात्र पूर्वीचे बदल सावकाश झाले आणि आजचा बदल दोन-तीन पिढ्यांत होत आहे, हा भेद स्पष्ट केला पाहिजे. नाहीतर ‘हवामान नेहमीच बदलत आले आहे’ असा उलटाच बोध मुले घेऊन जातील.

कातळशिल्पे पाहावयास नेण्यापूर्वी शाळेच्या पटांगणावर १८ मीटर व १३ मीटर मोजून दोरीने चौकट आखावी आणि वरच्या वर्गातील मुलांकडून तीत रांगोळीने हत्ती काढवावा. चौकटीचे क्षेत्रफळ किती, कडेने हात धरून उभी राहण्यास किती मुले लागतील, हातात केवळ दगडी अवजार असता एवढी सरळ रेघ कशी ओढली असेल, असे प्रश्न आपोआप निघतात. प्रत्यक्ष स्थळी गेल्यावर शिल्पावर पाय देऊ नये, खडूने रेषा भरू नयेत, पाणी ओतू नये. देवाचे गोठणे येथे होकायंत्र अवश्य न्यावे. तेथील शिल्पाजवळ खडकातील चुंबकत्वामुळे सुई चुकीची दिशा दाखविते. शाळेच्या अंगणात बरोबर चालणारे यंत्र येथे का फसते, ह्या एका प्रश्नावर विज्ञानाचा तास रंगतो. उक्षी येथे ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन शिल्पाभोवती संरक्षक भिंत घातली आहे. गावातील मोठ्या माणसांशी मुलांची भेट घडवून आणावी आणि हे काम कसे उभे राहिले ते त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावे.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुक्यातील वेळास हे दुसरे शिकण्यासारखे ठिकाण. नाना फडणीसांच्या घराण्याचे हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ च्या सुमारास येथे समुद्री कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री उकरून नेत. आता ती कुंपणातील सुरक्षित वाळूत ठेवली जातात आणि पिले निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडली जातात. ती पाहण्यास येणाऱ्या लोकांची सोय गावकऱ्यांनी आपापल्या घरी केली. मोठे हॉटेल उभे राहिले नाही. पाहुणा घराच्या पडवीत झोपतो, घरची भाकरी व सोलकढी घेतो, आणि त्याचा पैसा त्या घरातच राहतो. अर्थशास्त्राचा हा पाठ मुलांना समजावून देण्यास सोपा आहे. समजा, पाहुण्याने शंभर रुपये दिले. त्यांतील तांदूळ, नारळ, भाजी, मजुरी यांचे किती रुपये गावातच फिरले आणि किती बाहेर गेले, हे मुलांनी गावातील एखाद्या घरी विचारून मांडावे.

वेळासच्या वाळूतही हवामानाचा धडा आहे. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर नर अधिक, वर गेली तर माद्या अधिक. वाळू तापत गेली तर पुढे काय होईल, याचा तर्क सातवीचा विद्यार्थी सहज करतो. किनाऱ्यावर मुलांनी विजेऱ्या लावू नयेत. पिले उजेडाच्या रोखाने जातात व वाट चुकतात.

येथे एक इशारा द्यावयास हवा. जवळचे पर्यटन म्हणजे आपोआप निर्दोष पर्यटन नव्हे. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत इतकी गर्दी होऊ लागली की दररोजच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. जवळच्या सड्यावरही दहा शाळा एकाच आठवड्यात गेल्या, तर फुलांचे जे व्हायचे तेच होईल. केंद्रप्रमुखांनी केंद्रातील शाळांचे दिवस वाटून द्यावेत.

तसेच ‘जवळचे’ म्हणजे ‘आपलेच तेवढे’ असाही अर्थ होऊ नये. मंडणगडच्या मुलाने आयुष्यात एकदा रायगड पाहावा, आणि तो शाळेबरोबरच पाहिला तर अधिक चांगले. प्राथमिक शाळेच्या सात वर्षांत एक सहल दूरची, तीही रेल्वेने किंवा एस.टी.ने, आणि बाकीच्या सर्व तालुक्यातील वा शेजारच्या तालुक्यातील, असे प्रमाण ठेवण्यास हरकत नसावी. दापोली तालुक्यातील शाळांना पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव, संगमेश्वराकडील शाळांना राजवाडी व तुरळ येथील गरम पाण्याचे झरे, रत्नागिरीकडील शाळांना मालगुंड येथील केशवसुतांचे स्मारक आणि थिबा राजाचा वाडा ही स्थळे अर्ध्या दिवसात होणारी आहेत. प्रत्येक गावाची देवरहाटी तर शाळेपासून हाकेच्या अंतरावर असते. तेथे ग्रामस्थांना विचारून आणि त्यांच्या प्रथा पाळून जावे.

सर्वांत हितकारक योजना म्हणजे दोन शाळांचा परस्पर पाहुणचार. सह्याद्रीच्या पायथ्याची एक शाळा व किनाऱ्यावरची एक शाळा यांनी जोडी जमवावी. एका वर्षी घाटाखालच्या मुलांनी किनाऱ्यावर जावे, दुसऱ्या वर्षी खाडीकाठच्या मुलांनी डोंगरपायथ्याला यावे. वाटाड्याचे काम यजमान शाळेच्या मुलांनी करावे, शिक्षकांनी मागे राहावे. जेवण यजमान शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात, दोन्ही शाळांनी शिधा मिळवून करावे. आपल्या गावाची माहिती दुसऱ्या मुलास सांगण्याची वेळ आली म्हणजे मूल ती स्वतः गोळा करते. आजोबांना विचारते, ‘आजोबा, ह्या कोंडीला असं नाव का पडलं?’ आणि आजोबाही चार गोष्टी अधिक सांगतात. होड्यांची नावे, जाळ्यांचे प्रकार, भातांच्या जुन्या जाती, ओढ्यातील कोंडी ही माहिती कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही, आणि ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. वर्गात एरवी मागच्या बाकावर बसणारा कोळ्याचा किंवा धनगराचा मुलगा त्या दिवशी पुढे असतो. हा अनुभव ज्या शिक्षकाने घेतला, त्यास ह्या योजनेची अधिक शिफारस करावी लागणार नाही.

परवानगी, पालकांचे संमतिपत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलांमागे शिक्षकांचे प्रमाण हे नियम जवळच्या सहलीसही तसेच लागू आहेत. अंतर थोडे म्हणून त्यांत सूट घेऊ नये. मुलांस समुद्रात, खाडीत किंवा खाणीत साठलेल्या पाण्यात उतरू देऊ नये.

किनाऱ्यावरील सहलीसाठी दिवस निवडताना कोळी लोकांचा जुना हिशेब उपयोगी पडतो, आणि त्याने पाऊणकीच्या पाढ्याचीही उजळणी होते. पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारणपणे मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंचमीस भरती पावणेचारला, तेव्हा ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. सप्तमीस ओहोटी साडेअकराला. खडकांतील शंख, शिंपले, खेकडे आणि डबक्यांतील जीव मुलांस सावकाश दाखवावयाचे असतील, तर पंचमी ते सप्तमी हे दिवस शाळेच्या वेळेशी जुळतात. तारीख नक्की करण्यापूर्वी गावातील जाणत्या कोळ्यास एकदा विचारून घ्यावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी मुलांस खडकांवरून वर आणावे.